कोयता निघण्याआधी

अंबाजोगाई, १० जून

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

धारूर तालुक्यात तुला दोनशिक्षकी शाळा मिळाल्याचं कळलं. तिथली बरीच मुलं ऊसतोड घरांतली असतील. दसरा झाला की कोयता, म्हणजे ऊस तोडायला जाणारं जोडपं, निघतो, तो मार्च-एप्रिलमध्ये परततो. त्यामुळे या मुलांचं वर्ष तुझ्या हाती जून ते दसरा एवढंच. त्यात आधी वाचन पक्कं कर.

पहिल्या आठवड्यात एकेकाला जवळ बसवून वाचायला दे: अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा उतारा, मग छोटी गोष्ट. पाच मिनिटं पुरतात, तीस मुलं तीन दिवसांत होतात. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. तो पाठ असतो, तोंड पुढं जातं आणि बोट मागं राहतं. शंका आली तर शेवटच्या ओळीपासून शब्द विचार.

या चाचणीवरूनच गट पाड, इयत्तेवरून नाही. चौथीचं मूल अक्षरांत अडलं असेल तर रोज दीड तास ते अक्षरगटात बसू दे. पण गटाला ‘कच्चा’ म्हणू नकोस, मूल ते नाव विसरत नाही.

सुरात बाराखडी म्हणणाऱ्या मुलाला एकटा ‘कु’ दाखवला की ते थांबतं, कारण त्याला क्रम पाठ असतो. तक्त्यावर बोट कुठंही ठेवून विचारत जा. सगळी बाराखडी संपेपर्यंत शब्द अडवून ठेवू नकोस. क, म, ल, प, न आणि काना एवढ्यावर नाक, पान, माल, पाला, कमान होतात. घ-ध आणि भ-म या जोड्या एका आठवड्यात घेतल्या तर हमखास गोंधळ होतो. रफार सगळ्यात शेवटी.

गणितासाठी खराट्याच्या काड्या पुरेत. दहा-दहाचे गठ्ठे बांध. ‘एकोणतीस’ म्हटलं की मुलं ‘तीस’ ऐकून ३९ लिहितात. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या हातात दे, आणखी एक घालून तिसरा गठ्ठा त्यांनाच बांधू दे.

सप्टेंबरमध्येच शाळा व्यवस्थापन समिती बसव. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे कोण जाणार आणि कुणाची आजी गावात थांबणार हे तिथंच कळतं. आईबाप तोडणीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तेव्हाच पाठव. टोळी निघाल्यावर मुलं थांबवता येत नाहीत. मुलींच्या आयांशी वेगळं बोल, कारण धाकट्याला सांभाळायला आधी मुलगीच नेली जाते. जो जाणारच त्याला शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून तिथल्या शाळेत बसता येतं) दे, सोबत त्याचा वाचनाचा स्तर लिहून दे आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून कारखान्याचं नाव घेऊन ठेव. परतल्यावर तीच चाचणी, नव्या उताऱ्यावर.

पहिल्या चाचणीचे आकडे कळव. अक्षरगट मोठा निघाला तर तक्त्यांबद्दल सविस्तर लिहितो.

तुझा,
माधव