होडीच्या डागडुजीला छप्पर हवे

महोदय,

नारळी पौर्णिमेला वर्तमानपत्रांत रंगवलेल्या, पताका लावलेल्या होड्यांचे फोटो येतात. छानच असतात. पण त्या रंगाखाली घाईघाईने काय बुजवलेलं असतं, ते काम करणाऱ्यालाच ठाऊक. मी वेसाव्याला होड्यांचं सुतारकाम करतो. हल्ली निम्मं काम फायबरचंच असतं.

माझं म्हणणं पाणी जायच्या भोकांबद्दल आहे. जाळं वर घेतलं की डेकवर आलेलं पाणी कडेच्या भोकांतून परत समुद्रात जातं. तळाला बुचाचं भोक असतं; होडी किनाऱ्यावर चढवली की ते उघडं ठेवायचं, म्हणजे पोटात पावसाचं पाणी साचत नाही. होडी कुजायला लागते ती बहुधा अशाच जागी. लाकडावर फायबरचा थर असला तरी भोकाच्या आत लाकडाची कड उघडीच राहते. तिथलं सील सुटलं की पाणी आत शिरतं, आणि वरच्या फायबरमुळे सुकतही नाही. दिसायला सगळं ठणठणीत. हातोडीने ठोकलं की आवाज बद्द येतो.

दुरुस्ती अवघड नाही. भोकात बसवलेली नळी काढायची, तिच्याभोवतीचं जुनं सील खरवडायचं, कुजका भाग कोरून भोक मुद्दाम मोठं करायचं. लाकूड गोड्या पाण्याने धुवायचं, कारण मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. मग सुकू द्यायचं. सुकल्यावर घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझीनने) भोक पूर्ण बुजवायचं आणि ती कडक झाली की तिच्यातूनच मापाचं नवं भोक पाडायचं. मग पाणी लाकडाला शिवत नाही. नळी गनमेटलची, म्हणजे कथील मिसळलेल्या तांब्याची, आणि सील पॉलियुरेथेनचं. काही जण स्वस्त म्हणून न्हाणीघराचं सिलिकॉन भरतात. त्याचा अंश राहिला की पुढे त्यावर ना रंग धरत ना रेझीन. पितळी स्क्रूही नकोत; खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि लालसर, ठिसूळ तुकडा उरतो.

यातलं सगळं जमतं, फक्त लाकूड सुकवणं जमत नाही. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. होड्या वर येतात त्याच दिवसांत, आणि मुंबईत जुलैइतका पाऊस दुसऱ्या महिन्यात नसतो. आम्ही ताडपत्री बांधतो, खाली हॅलोजन लावतो. वारा सुटला की ताडपत्री जाते. ऑगस्ट तोंडावर आला की नाखवा, म्हणजे होडीचा मालक, म्हणतो, ‘मार फायबर, होऊ दे.’ त्याला तरी काय बोलणार? खलाशी गावाहून आलेले असतात, कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग ओल आतच कोंडली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तेच भोक आणखी मोठं कोरावं लागतं.

जेट्टी आणि गाळ यांवर बोललं जातं, ते योग्यच आहे. पण प्रत्येक मोठ्या कोळीवाड्याच्या बंदरावर बाजूंनी उघडी, उंच पत्र्याची एक शेड, वीज आणि गोड्या पाण्याचा नळ एवढं मत्स्यव्यवसाय विभागाने करावं. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या, नियमावलीतही पारंपरिक होडीबांधणीची जागा मच्छीमारांच्या गरजेची सोय म्हणून नमूद आहे. पाळ्या मच्छीमार सोसायट्या लावतील. भाडं द्यायलाही मालक तयार होतील. आज बांबू आणि ताडपत्रीवर दर पावसाळ्यात पैसे जातातच.

– एक होडी-सुतार, वेसावे