दोन पावलं मागे उभ्या असलेल्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर न पाठवता चारचौघांत लिहितोय, त्याला कारण आहे. ४ फेब्रुवारीला आपण तानाजी मालुसऱ्यांचा पोवाडा सादर केला, त्यानंतर मला पुष्कळ फोन आले. फेटा माझ्या डोक्यावर, डफ माझ्या हातात, म्हणून कौतुकही माझंच झालं. तुम्ही माझ्या डाव्या अंगाला, दोन पावलं मागे, तुणतुणं घेऊन उभे होतात. पोवाड्यात जे काही जमून आलं त्यातलं निम्मं तरी तिथून आलं. लोकांना हे कळावं म्हणून हा खटाटोप.

झीलकरी म्हणजे मागून 'जी जी रं जी' म्हणणारा, एवढीच बहुतेकांची समजूत. खरं तर शाहिराचा श्वास झीलकऱ्याच्या हातात असतो. ओळ संपली की तुम्ही तिचं टोक उचलता, तेवढ्यात शाहीर छाती भरून घेतो. म्हणजे ओळीचा शेवट श्रोत्यांच्या कानावर दोनदा पडतो. पहिल्याच तालमीत तुम्ही विचारलंत, "आम्ही उचलायचं खरं, पण धरायला आहे काय इथं?" माझ्या ओळींच्या टोकाला 'शौर्य', 'युद्ध', 'संघर्ष' असले भारदस्त शब्द होते. कागदावर छान दिसतात, वरच्या पट्टीत ताणायला गेलं की घशात अडकतात. तुम्ही एकही शब्द सुचवला नाहीत. तीच ओळ गुणगुणत बसलात, माझ्या ध्यानात येईपर्यंत. मग जोडाक्षरं ओळीच्या पोटात गेली आणि टोकाला 'कडा', 'मावळा', 'धनी' आले.

घोरपडीचं तर वेगळंच. शाहीर तुळशीदासाच्या जुन्या पोवाड्यात घोरपड आहे, रायबाचं लगीन आहे, शेलारमामा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत घोरपडीचा पत्ता नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढून जातात. मी घोरपडीला रजा द्यायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "पुढं बसलेली पोरं तिचीच वाट बघत असतात. राहू दे तिला. पण ती कुणाची, ते सांग." म्हणून आता त्या चौकात, म्हणजे पोवाड्याच्या त्या भागात, आधी तुळशीदासाचं नाव येतं, मग घोरपड येते. इतिहास आणि पोवाडा यांवर आपल्याकडे इतकी भांडणं होतात, आणि तुम्ही एका ओळीत दोघांचा मान राखलात.

पण माझ्यावर तुमचं खरं ऋण आहे ते ढालीच्या जागेचं. सभासद लिहितो की लढता लढता तानाजींच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर किल्लेदार उदेभानाचे वार झेलले. या प्रसंगाला मी कटाव योजला होता. डफ दुप्पट लयीत, शब्दांवर शब्द, नुसता दणदणाट. तुम्ही तुणतुणं खाली ठेवलंत आणि विचारलंत, "ढाल तुटल्यावर तो ओरडला असंल का?" मी म्हटलं, कुठे लिहिलेलं नाही. "मग आपण कशाला ओरडायचं?" तिथून तो चौक बदलला. 'ढाल तुटली' एवढं म्हणायचं, डफावरची बोटं उचलायची, झील नाही, तुणतुणं नाही. पुढची ओळ साध्या बोलण्यातली: "दुसरी ढाल आली नाही." आणि मग एकच थाप. त्या दिवशी मांडवात मागच्या बाजूला चहाचे कप गोळा करणारा माणूससुद्धा थबकला, हे मी पुढून पाहिलं. तुमची पाठ त्याच्याकडे नव्हती, तुम्हीही पाहिलं असेल. वीररस म्हणजे आवाज चढवणं, असं समजणारे आम्ही सगळेच माईकच्या जमान्यातले. आवाज चढायला आधी कुठेतरी तो उतरावा लागतो, हे तुमच्याकडून शिकलो.

उदेभानाला मी दोन ओळींत उडवला होता. सभासदाने मात्र दोघांनाही मोठे योद्धे म्हटलंय. तुम्ही पिशवीतून बखरीची ती जीर्ण प्रत काढून मला तेवढंच वाक्य वाचायला लावलंत आणि काही बोलला नाहीत. उदेभानाला पूर्ण चौक मिळाला, आणि तानाजींचा चौक आपोआप जड झाला.

शेवटाबद्दल आपलं जमलं नव्हतं, आठवतं? 'गड आला पण सिंह गेला' ही ओळ सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. बखरीत महाराज म्हणतात, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." मला ही दुसरी ओळ जास्त भिडते, ज्या माणसाच्या लेखी आपला सोबती हाच एक गड आहे, तोच असं बोलेल. तुमचं म्हणणं, पाठ असलेली ओळ नाही आली तर लोक उपाशी उठल्यासारखे उठतात. शेवटी दोन्ही ठेवल्या. मला अजूनही वाटतं की एकच पुरली असती, पण टाळ्या तुमच्या बाजूने पडल्या.

स्मृतिदिनांचं आपल्याकडे नेहमीचंच, तारखेवाले ४ फेब्रुवारी धरतात, तिथीवाले माघ वद्य नवमी. वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. शाहिराला दोन्ही दिवस सुपारी मिळते. यंदा आपल्यालाही मिळाली. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासाला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असं त्या पोवाड्यातच आहे. त्याच्या मागे झील कुणी धरली आणि त्यांच्या हातावर काय पडलं, ते कुठेच नाही. आपल्या पुढच्या फलकावर मात्र झीलकऱ्यांची नावं शाहिराच्या नावाइतक्याच अक्षरांत येतील. आयोजकांशी बोललोय, ते हो म्हणालेत. बिदागीचे वाटेही आता सारखे. यावर तुम्ही नको म्हणाल, ते ऐकणार नाही.

आता जुलै. १३ जुलै १६६०, घोडखिंड, बाजीप्रभू. कवन निम्मं झालंय. शिवा काशीदला पहिला चौक दिलाय, कारण पन्हाळ्याहून निघालेल्यांना वाट मिळाली ती त्याच्या जिवावर. तोफांच्या आवाजापाशी अडलोय: विशाळगडावरून तोफा झाल्या, त्या डफावर वाजवायच्या की तुम्ही झीलेतून द्यायच्या? शिवाय भर पावसात कार्यक्रम, डफाचं कातडं सैल पडणार, तेव्हा शेगडी आणि कोळसे मी आणतो. तुम्ही फक्त घसा सांभाळा, आणि रविवारी तालमीला या.

आपला,
पुढे उभा राहणारा