सूचना : गटप्रमुखांची नावे रविवारपर्यंत कळवा

नमस्कार मंडळी,

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त आशियातल्या स्वयंसेवी कामांवर आपले अभ्यासगट सुरू होत आहेत. प्रत्येक गटाने गटप्रमुखाचे नाव रविवार संध्याकाळपर्यंत कळवावे. गटप्रमुख पंचविशीच्या आतलाच हवा, मुलगा असो वा मुलगी. ज्येष्ठांनी विचारल्यावर सल्ला जरूर द्यावा, पण निर्णय तरुणांनाच घेऊ द्या. नुसत्या खुर्च्या मांडायला बोलावले तर ही मुले टिकत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पहिल्या बैठकीचा विषय बांगलादेश. १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे गेली. त्यानंतर १९७२ पासून तिथे किनाऱ्यावर स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. इशारा आला की हे लोक झेंडे लावतात, मेगाफोन आणि हाताने फिरवायचा भोंगा घेऊन वस्तीवस्तीत जातात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यात पोहोचवतात. स्वयंसेवक त्याच गावचे असतात, त्यामुळे कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलेय हे त्यांना विचारावे लागत नाही. माझ्या मते सगळे यश इथेच आहे. बायका पुढे आल्यामुळे घरातल्या स्त्रियांपर्यंत इशारा कसा पोहोचू लागला, यावर नीट वाचून या.

दुसरी बैठक श्रीलंकेच्या सर्वोदय श्रमदान चळवळीवर. १९५८ मध्ये ए. टी. अरियरत्ने या तरुण शिक्षकाने विद्यार्थ्यांना खेड्यात नेले, तिथून ती सुरू झाली.

टिपणे एका पानाचीच आणा. वेळ आणि जागा नेहमीचीच.