तयार निबंधांऐवजी दोन रकाने छापावेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की बहुतेक वृत्तपत्रांच्या विद्यार्थी-पुरवण्यांत इंग्रजीचे तयार निबंध येऊ लागतात, आणि त्यांत ‘शहरी जीवन आणि ग्रामीण जीवन’ यांतला फरक सांगणारा निबंध हमखास असतो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. सराव परीक्षेत हाच विषय दिला तेव्हा निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत खेड्यातली हवा शुद्ध होती, माणसे साधीभोळी होती आणि कुणालाही कसली म्हणून काळजी नव्हती. त्यांतली एक उत्तरपत्रिका ज्या मुलीची होती, तिच्या वडिलांनी गुलाबी बोंडअळीने खाल्लेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्याच पंधरवड्यात उपटून धुऱ्यावर टाकली होती. तिच्या इंग्रजीत एकही चूक नव्हती, कारण ते इंग्रजी तिचे नव्हतेच. मी तिला पूर्ण गुण दिले आणि त्या गुणांचा संकोच मला अजूनही वाटतो.

फरकाचा निबंध, ज्याला इंग्रजीत ‘कॉन्ट्रास्ट एसे’ म्हणतात, तो पाठ करून येत नाही, हे मला त्यानंतर वर्गात वेगळ्या रीतीने शिकवून पाहिल्यावर पटले. फळ्यावर दोन रकाने आखले, एकावर सोयाबीन आणि दुसऱ्यावर पऱ्हाटी असे लिहिले, आणि मुलांना सांगायला लावले. पहिलेच उत्तर आले की दोन्हींची पेरणी जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसावर होते. हे साम्य झाले, फरक नव्हे. पण ते पुसून टाकायचे नसते. एकाच हंगामातली, एकाच काळ्या जमिनीतली दोन पिके आहेत म्हणूनच त्यांतला फरक सांगण्याजोगा ठरतो, आणि निबंधाच्या सुरुवातीला दोन ओळींत हे सांगून पुढे जायचे असते. मग रकाने भराभर भरले. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघते आणि त्याची सोंगणी एकदाच होते, तर पऱ्हाटीचे तीन-चार वेचे होऊन उलंगवाडीला, म्हणजे कापसाचा हंगाम संपायला, माघ-फाल्गुन उजाडतो. सोंगणीची मजुरी एकरावर ठरते, वेचणीची किलोवर. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, पऱ्हाटीला तो खतातून द्यावा लागतो. एवढे झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, सोयाबीनच्या पैशात कृषी केंद्राची उधारी फिटते, अन् पऱ्हाटीच्या पैशात बहिणीचं लगन होते.” ज्याला इंग्रजीत ‘थीसिस स्टेटमेंट’ म्हणतात, म्हणजे सगळे मुद्दे ज्या एका विधानाला बांधलेले असतात, ते हेच. कोणत्याही गाइडमध्ये ते सापडले नसते.

पुढचा प्रश्न मांडणीचा असतो आणि तो दिसतो तितका सोपा नाही. आधी सोयाबीनचे सगळे सांगून मग पऱ्हाटीचे सगळे सांगावे, की एकेक मुद्दा घेऊन दोन्ही पिके शेजारी-शेजारी ठेवावीत? पहिली रीत लिहायला सोपी, पण दुसऱ्या भागात पोचेपर्यंत पहिला भाग वाचणाऱ्याच्या आणि बहुधा लिहिणाऱ्याच्याही ध्यानातून गेलेला असतो, आणि मग एका निबंधाऐवजी दोन माहितीपत्रके तयार होतात. तीन-चार मुद्द्यांच्या निबंधाला मला दुसरीच रीत बरी वाटते, मात्र मुद्द्यांचा आणि पिकांचा क्रम शेवटपर्यंत तोच ठेवावा लागतो.

भाषेच्या चुका मात्र थेट आपल्या मराठीतून येतात, आणि त्या दाखवून दिल्या तर लवकर सुटतात, असा माझा अनुभव आहे. ‘जरी पाऊस कमी झाला, तरी पीक आले’ या वाक्याच्या सवयीने मुले ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ घालतात. इंग्रजीला दोहोंपैकी एकच चालतो. ‘सोयाबीन लवकर निघते, तर पऱ्हाटी उशिरा’ यातला ‘तर’ हा ‘व्हेअरअ‍ॅज’ आहे, पण मुले त्याचा ‘देन’ करतात. ‘हाउएव्हर’च्या आधी स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्ये जोडली जातात, जिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘आमच्याकडचा पाऊस गडचिरोलीपेक्षा कमी’ हे बोलण्यात खपून जाते, पण इंग्रजीत तसेच उतरवले की पावसाची तुलना जिल्ह्याशी होऊन बसते. (खरे तर मराठीतही ती तशीच होते, आपण ऐकून सोडून देतो.)

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. म्हणजे माझ्या वर्गातली मुले दहा-अकरा वर्षे ही भाषा शिकून आलेली असतात, दहावीला दिलेल्या मताविरुद्ध प्रतिमतही लिहून आलेली असतात, आणि तरीही स्वतःच्या शेताविषयी चार वाक्ये इंग्रजीत लिहिताना बिचकतात. तयार निबंधाने ही भीड मोडत नाही, उलट आपले इंग्रजी छापण्याच्या लायकीचे नाही हे त्यांच्या मनात पक्के होते. दोष केवळ पुरवण्यांचा नाही. पाठांतर ओळखूनही गुण देणारे आम्ही शिक्षकही त्यात आहोत.

म्हणून विनंती अशी की, या वर्षीच्या पुरवणीत तयार निबंधाच्या जागी नुसते दोन रकाने, एक मुख्य विधान आणि पहिला परिच्छेद छापावा. पुढचे मुलांनी लिहावे. वैनगंगेकाठच्या शाळांसाठी पऱ्हाटीऐवजी धान घेता येईल, रोवणी (रोपे लावून केलेले धान) आणि आवत्या (बी थेट फेकून पेरलेले धान) यांतला फरक तिकडच्या मुलांना कुणी शिकवावा लागणार नाही. आमच्या वर्गाने भरलेले सोयाबीन-पऱ्हाटीचे रकाने सोबत जोडले आहेत. जागा असल्यास तेवढेच छापावेत. त्यावरचा निबंध मी मुद्दामच पाठवलेला नाही.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका,
जि. यवतमाळ