कॉम्प्युटर बदलण्यापूर्वी

भुसावळ,
दि. १८ मे

प्रिय मित्र प्रभाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागून राहतो, चालता चालता इंजिन बंद पडते, पाच मिनिटांनी जणू काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू होते, आणि गॅरेजवाल्याने दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून ‘इग्निशन व्होल्टेज सर्किट’ असे वाचून दाखवत ‘कॉम्प्युटर गेला’ असा निकाल दिला, हे सारे वाचले. कारण पुढे सविस्तर लिहितो. आधी एवढेच सांगतो की, माझे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय त्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तू लिहिलेला दोषाचा कोड ‘पी १’ने सुरू होतो. ‘पी ०’ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात, जसे की बॅटरीचे व्होल्टेज कमी पडल्याचा पी ०५६२, ‘पी १’चे कोड मात्र ज्याच्या त्याच्या घरचे असतात आणि एकाच आकड्याचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा निघू शकतो. म्हणून तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या कोडची पूर्ण व्याख्या काय आहे, हे गॅरेजवाल्याला दाखवायला सांग. बहुतेक ठिकाणी मतलब एवढाच असतो की, चावी फिरवल्यावर जे व्होल्टेज माझ्या पिनवर यायला हवे ते येत नाही, अशी इंजिनच्या कॉम्प्युटरची तक्रार आहे. आपल्याकडे तक्रार करणाऱ्यालाच आधी आत टाकतात, तसे या बिचाऱ्याचे होते.

या कॉम्प्युटरला वीज साधारण तीन वाटांनी मिळते. पहिली वाट बॅटरीपासून कायमची, आठवण टिकवण्यापुरती. दुसरी इग्निशन स्विचमधून फ्यूजमार्गे येते आणि मालकाने चावी फिरवली आहे, ही वर्दी देते. ती मिळाली की कॉम्प्युटर मेन रिलेच्या, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या मुख्य स्विचच्या, कॉइलला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) देतो, रिले ओढला जातो आणि त्याच्या कॉन्टॅक्टमधून तिसरी, भरभक्कम वाट उघडते. इंजेक्टर आणि सेन्सर तिच्यावर जगतात. दुसऱ्या वाटेवरचे व्होल्टेज एका मर्यादेखाली घसरले की कॉम्प्युटरला वाटते, चावी बंद झाली; तो रिले सोडतो आणि इंजिन जागच्या जागी थांबते. तुझ्या गाडीचे दुखणे या वर्णनाशी किती जुळते, ते तूच पाहा.

आता मागच्या पंधरवड्यातली एक गाडी सांगतो. सावद्याकडच्या एका केळी बागायतदाराची ही पेट्रोल गाडी दुपारच्या उन्हात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, फैजपूर ते सावदा एवढ्या पट्ट्यात तीनदा बंद पडली होती. माझ्याकडे येईपर्यंत बॅटरी नवी बसली होती, फ्युएल पंपाचा रिले बदलून झाला होता आणि एका वर्कशॉपने कॉम्प्युटरचा खर्चही सांगून ठेवला होता. मी स्कॅनर लावला आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचली, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणी इंजिनचे फेरे, तापमान, वेग काय होते ती नोंद. (कित्येक जण बॅटरीची तार काढून दिवा घालवतात आणि हा पुरावाही त्यासोबत घालवतात.) इंजिन तापलेले आणि गाडी वेगात असतानाच दोष नोंदला गेला होता. मग इंजिन चालू ठेवून दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले. मेन रिलेकडून येणारे व्होल्टेज १४.० होते, इग्निशनच्या वाटेवरचे १०.३. एकाच बॅटरीतून निघालेल्या दोन वाटांमध्ये पावणेचार व्होल्टचा फरक पडला होता. हा फरक ज्याने शोधून नोंदवला त्यालाच बदलायला निघाले होते.

कॉम्प्युटरची अर्थ मी आधी तपासली, कारण अर्थ खराब असेल तर दोन्ही वाटांचे आकडे फसवे निघतात. इंजिन चालू असताना अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.०४ व्होल्ट मिळाले, म्हणजे तिकडे काळजीचे कारण नव्हते. आता खरी मौज ऐक. इंजिन बंद करून, ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचे कपलर (तारांची जोडणी) काढून, नुसती चावी फिरवून त्याच इग्निशनच्या तारेवर मल्टिमीटर लावला, तर आकडा १२.१! आधीच्या मेकॅनिकनेही हाच आकडा पाहिला असणार आणि ‘वायरिंग ठीक’ असे म्हटले असणार. मल्टिमीटरचा आतला रोध दहा मेगाओहमच्या घरात असतो, तो तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही; त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. हे मी बागायतदाराला सांगू लागलो, तेव्हा त्याने माझे वाक्य अर्ध्यावर तोडले. तो म्हणाला, ‘भाऊ, आमच्या ठिबकचं तेच आहे. फिल्टर तुंबलेला असला तरी पुढचा कॉक बंद असेपर्यंत गेज पूर्ण दाब दाखवतं, कॉक सोडला की काटा पडतो.’ इतके नेमके मला सांगता आले नसते.

तेव्हा कॉक सोडला. इग्निशन कॉइलच्या जागी हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब भार म्हणून जोडला, आणि मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल तार एकेका टप्प्यावर नेली. बॅटरीवर १२.१, इग्निशन स्विचच्या पुढे १२.०, फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांवर ११.९. बल्ब मात्र पिवळट जळत होता आणि फ्यूजच्या खालून निघणाऱ्या तारेवर ९.२ मिळाले. फ्यूजचा माथा शाबूत आणि तार उपाशी! म्हणजे दोष फ्यूजच्या पायात होता. फ्यूज उपटून आरशाने आत पाहिले, तर त्याचा बाहेरचा पाय धरणाऱ्या पितळी चिमट्याचे ओठ पसरलेले, त्यांच्यावर काळपट करडा थर, आणि भोवतीचे प्लास्टिक भाजलेल्या पापडासारखे तपकिरी. त्या चिमट्यातच कोणीतरी एक जादा तार कोंबली होती आणि ती पुढे मोठ्या आवाजाच्या हॉर्नला गेली होती. हॉर्न बसवणाऱ्याला चावीवर चालणारी वीज हवी होती, सगळ्यात जवळ हाच फ्यूज सापडला, आणि इग्निशन कॉइलही त्याच फ्यूजवर आहेत याची त्याने फिकीर केली नाही.

हिशेब तुला आवडेल, कारण शाळेत ओहमचा नियम मुलांना तूच शिकवतोस. २.७ व्होल्ट गळत होते, बल्ब तेव्हा चार अँपिअरच्या जरा खाली ओढत असणार. म्हणजे रोध अवघा ०.७ ओहमच्या आसपास, पण त्या एवढ्याशा चिमट्यात दहा वॉटच्या आसपास उष्णता साठत होती. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तार जोडतात, हे लक्षात घे. तापला की चिमटा आणखी सैलावे, सैलावला की आणखी तापे. वरून आपल्या मे महिन्याचे ऊन आणि रस्त्याचे हादरे. थांबून जरा गार झाले की पकड पुन्हा लागे आणि गाडी सुरू होई.

स्क्रूड्रायव्हरने चिमटा दाबून तात्पुरते भागले असते, पण तापून स्प्रिंग मेलेला चिमटा फार दिवस पकड धरत नाही. नवीन टर्मिनल क्रिंप करून (तारेवर दाबून) बसवले, भाजलेली तार चार बोटे मागे कापून नवा तुकडा जोडला, आणि हॉर्नला थेट बॅटरीवरून स्वतःचा फ्यूज आणि रिले दिला. त्यानंतर त्याच बल्बच्या भाराखाली फ्यूजच्या माथ्यापासून खालच्या तारेपर्यंत ०.०६ व्होल्ट गळती राहिली. इंजिन चालू करून स्कॅनरवर पाहिले, तर दोन्ही वाटांचे आकडे दशांशापर्यंत जुळले.

तुझी गाडी दुसरी, तिची वायरिंग दुसरी, म्हणून तुझाही फ्यूजचा चिमटाच असेल असे मी म्हणत नाही. इग्निशन स्विचचा आतला कॉन्टॅक्ट जळलेला असतो, मेन रिलेच्या पायांची सोल्डरिंग तडकलेली असते, किंवा कॉम्प्युटरच्या कपलरमध्ये पाणी शिरून हिरवा गंज चढलेला असतो. शहाद्याकडे उंदरांनी लूम (तारांचा जुडगा) कुरतडणे नवीन नाही, आणि तू गाडी कापसाच्या खोलीशेजारी लावतोस, म्हणून बॉनेटखालची वायरिंग आधी डोळ्यांनी बघ. कॉम्प्युटरचे कपलर काढायचे झाले, तर चावी बंद करून काही मिनिटे थांबायला सांग, कारण चावी काढल्यावरही तो काही सेकंद मेन रिले स्वतः धरून ठेवतो आणि शिकलेली मूल्ये साठवतो. पिनमध्ये जाड सुई खुपसू देऊ नकोस. त्याने नसलेला दोष तयार होतो.

कॉम्प्युटर खरोखर बिघडतच नाही, असेही नाही. त्याच्या पिनवर भाराखाली पूर्ण व्होल्टेज येत असेल, अर्थ चोख असेल, आणि तरीही स्कॅनर व्होल्टेज कमी दाखवत असेल, तर मी स्वतः तुला तो बदलायला सांगेन. नवा बसवला तर इमोबिलायझरसाठी (चोरी रोखणाऱ्या कुलपासाठी) चाव्या त्याच्याशी जुळवून घ्याव्या लागतात आणि त्याचा खर्च वेगळा येतो, हे तुला गॅरेजमध्ये सांगितले की नाही, ते कळव.

रविवारी सकाळी फोन कर. त्याआधी इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू अशा स्थितीतले तीन आकडे लिहून ठेव: बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज, स्कॅनरवरचे इग्निशन व्होल्टेज, आणि अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचे व्होल्टेज. गाडीत मागाहून काय काय बसवले, हॉर्न, फॉग लाइट, टेप, मोबाईलचा चार्जर, हेही न लाजता लिही. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने गाडी इकडे आणण्याचा विचार असेल तर उन्हात निघू नकोस. पहाटे निघालास तर जेवायला इथे पोहोचशील, आणि कळण्याची भाकरी करायचे तुझ्या वहिनीने आधीच कबूल केले आहे.

तुझा,
दत्ता