सहाच्या क्लासला जाणाऱ्या लेकरांचा नाष्टा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जून लागला की आमच्या लातुरात बाहेरगावची लेकरं यायला लागतात, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव सगळीकडून, नीट आणि जेईईच्या क्लाससाठी. आमच्या भागात घरोघरी खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, आमच्याकडं पण पोरी राहतात, म्हणून रोज बघते की सकाळी सहाला ही लेकरं बॅग पाठीला लावून उपाशी जायलेत आणि मेसचा नाष्टा मिळतो नऊला. मग कोपऱ्यावर वडापाव, समोसा, नाहीतर मॅगी, ते पण नसलं तर बेकरीतला क्रीमरोल आणि चहा. लोक लगेच म्हणतात आजकालच्या पोरांना घरचं नकोच असतं. मला हे अजिबात पटत नाही. त्यांना घरचं पाहिजे असतं, फक्त ते त्या वेळेला, चालता चालता खाता येईल असं कुणी हातात देत नाही.

बाहेरच्या कंपन्यांनी हे फार आधी ओळखलं. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचा तो प्रसिद्ध एग मॅकमफिन १९७२ च्या सुमारास निघाला, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात हर्ब पीटरसन नावाच्या त्यांच्या फ्रँचायझीवाल्यानं काढला. तिकडं पावावर मांस, त्यावर अंडं आणि वरून सॉस असा ताटात घेऊन काट्या-चमच्यानं खायचा पदार्थ आहे, एग्ज बेनेडिक्ट, त्याचंच ह्या माणसानं हातात धरून खाता येईल असं रूप केलं, सॉसच्या जागी चीज टाकलं आणि अंडं गोल व्हावं म्हणून रिंगमधी शिजवलं. म्हणजे सगळी युक्ती हातात धरण्याची.

आता त्यात काय असतं ते बघा. कंपनीच्याच अमेरिकेतल्या माहितीप्रमाणे ३१० च्या आसपास कॅलरी, १७ ग्रॅम प्रोटीन आणि साधारण ७७० मिलिग्रॅम सोडियम. प्रोटीन चांगलं आहे, आपल्या वडापावपेक्षा नक्कीच जास्त, ते मान्य करायलाच पाहिजे. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्या म्हणते, म्हणजे सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, तर त्यातला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सकाळी एकाच पावात संपला की.

हेच घरी करायला किती वेळ लागतो? दोन अंडी फोडायची, कांदा मिरची कोथिंबीर, मीठ चिमूटभर, तव्यावर टाकायचं आणि वरून ओलं असतानाच रात्रीची पोळी त्याच्यावर दाबायची, उलटायची, गुंडाळून हातात द्यायची. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन म्हणजे दोन्हींचे १२ आणि पोळीचं वेगळं, त्या मफिनच्या जवळ आपण पोचलोच आणि मीठ आपल्या हातात राहिलं. दहा मिनिटं पण लागत नाहीत.

आणि ज्या घरात अंडं चालत नाही तिथं धपाटे आहेत ना! आपल्या मराठवाड्यात माणूस प्रवासाला निघाला की फडक्यात धपाटेच बांधून दिलेत, दुसऱ्या दिवशीपण चांगले राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, असली तर मेथी, ओल्या फडक्यावर थापायचं आणि तव्यावर टाकायचं. रात्री करून ठेवले तर सकाळी नुसते गरम करायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात ज्वारी आणि मैदा शेजारी ठेवून बघितले तर प्रोटीन दोन्हीत १०० ग्रॅमला १० च्या आसपासच आहे, तिथं फार फरक नाही, पण फायबर ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास आणि मैद्यात ३ ग्रॅमपण नाही. नऊ वाजता क्लासमधी पोट रिकामं वाटायला लागतं त्यात हे फायबर कमी पडण्याचा पण वाटा आहे. आपल्या परभणीच्या विद्यापीठानं तर २०१८ ला परभणी शक्ती नावाची ज्वारी आणली, लोह आणि झिंक जास्त असलेली, आणि आपलीच लेकरं इथं मैद्याच्या पावावर दिवस काढायलेत, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या मुरमुऱ्याच्या सुशीलाची कृती पण सांगते, कारण ती मॅगीइतक्याच वेळात होते. मुरमुरे भिजवून लगेच पिळायचे, फोडणीत कांदा मिरची कढीपत्ता शेंगदाणे, वरून डाळव्याचं कूट. नुसत्या मुरमुऱ्यात फार काही नसतं, त्यामुळं कूट आणि शेंगदाण्यात हात आखडू नका, लिंबू जरूर पिळा, त्यातल्या क सत्त्वानं अन्नातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र त्याच्यासोबत नको, तासाभरानं घ्या, चहानं लोह शोषलं जात नाही नीट. पोरींसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे.

कोपऱ्यावरच्या गाड्यावाल्यांवर माझा राग नाही, त्यांचं पण पोट आहे. पण कढईतलं तेल दिवसदिवस तेच राहतं, काळं झालं तरी. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम जुलै २०१८ पासून आहे, तो आमच्याकडं कोण तपासतं ते मला तरी कधी दिसलं नाही. आणि वडे पेपरात बांधून देतात. छपाईच्या शाईतून अपायकारक पदार्थ गरम तेलकट खाण्यात उतरतात म्हणून पेपरात खाद्यपदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयनं २०१६ मधीच सांगितलंय. तुमच्याच पेपरात रोज एक ओळ छापली की ह्या कागदात खायचं बांधू नका, तर गाड्यावाल्यापर्यंत ती हमखास पोचेल, कारण रद्दी तिथंच जाते.

मेसवाल्यांना आणि होस्टेलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नाष्टा नऊला ठेवा पण सहाला निघणाऱ्या लेकरांसाठी रात्रीच डब्यात दोन धपाटे नाहीतर पोळीचा रोल भरून ठेवा. पालक महिन्याचे पैसे भरतातच, त्यांनी पण खोली बघताना वायफायबरोबर हे विचारावं की सकाळी सहाला काय देता. आणि साहेब, तुमच्या पुरवणीत केक पास्ता येतो तसं आठवड्यातून एक दिवस एका तव्यावर, एका इंडक्शनवर होणारा नाष्टा मापासकट छापा. खोलीत एकट्या राहणाऱ्या पोराला "अंदाजानं पीठ" सांगून काही उपयोग नाही, त्याला वाटी-चमच्याचं माप लागतं. पहिला धपाट्यांचा छापणार असाल तर माप मी लिहून पाठवते.

आपली,
एक वाचक, लातूर