रविवारचं त्रिकूट : बासरी, व्हिओला आणि हार्प

सर्व सभासदांना आठवण : येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला आपल्या सभागृहात बासरी, व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) आणि हार्प (बोटांनी छेडायचं मोठं, उभं तंतुवाद्य) या त्रिकुटाची मैफल आहे. कृपया सव्वासहापर्यंत जागेवर बसा. हार्पला 47 तारा असतात आणि सगळ्या सुरात लावायला बराच वेळ लागतो. दारं उघडझाप झाली, हवा बदलली की तारा उतरू लागतात. म्हणून सुरुवात झाल्यावर दार फक्त दोन रचनांच्या मधेच उघडेल.

पियानो नाही, व्हायोलिन नाही, अशी ही जोडणी नवख्याला विचित्र वाटेल. पण 1915 साली फ्रेंच संगीतकार देब्युसीने याच तीन वाद्यांसाठी सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) लिहिला आणि या मेळाला वाट मिळाली. आधी त्याच्या मनात व्हिओलाच्या जागी ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) होता. तो बदलला हे फार चांगलं झालं, असं मला मनापासून वाटतं. बासरीचा श्वास संपतो तिथे व्हिओला तोच सूर इतक्या अलगद उचलते, की सांधा कुठे होता ते कळतच नाही. सोनाटानंतर जपानी संगीतकार ताकेमित्सूची 1992 ची रचना आहे; तिच्यात देब्युसीचे सूर डोकावतात, कान देऊन ऐका.

शक्यतो उजवीकडच्या खुर्च्या धरा, तिथून हार्पवादकाचे पाय दिसतात. तारांचे सूर बदलणारी सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा, आणि हे सगळं वाजवता वाजवता!

मोबाइल पूर्ण बंद ठेवा, नुसता व्हायब्रेटवर नको. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.